दारात अडकलेली पेशी

सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाला काय दिसतं? स्वतःच्या पापण्या. दुसऱ्यांदा हवेचा बुडबुडा दिसतो, आणि तो बुडबुडा ते वहीत इतकं मन लावून काढतं की चूक म्हणायला जिवावर येतं. खरी पेशी दिसते ती तिसऱ्या-चौथ्या खेपेला. आणि दिसली की पोरगं ओरडतं. वर्गातलं सगळ्यात गप्प पोरगंसुद्धा ओरडतं. बेळगावात, वडगावच्या विणकर वस्तीतल्या एका मराठी शाळेत मी तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं ते बहुतेक त्या ओरडण्यासाठीच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, विज्ञानाची बाई म्हणजे फळा, खडू आणि बेडकाची बरणी. खरं काम वेगळंच असतं. काचपट्ट्या पुसायच्या, कांद्याचा पापुद्रा न फाडता सोलायचा, निळा रंग पोरांच्या शर्टाला लागू द्यायचा नाही. प्राण्याची पेशी दाखवायची तर आपल्याच गालाच्या आतून काडीनं हलकंसं खरवडायचं, काचेवर पुसायचं, निळा थेंब टाकायचा. एकदा एक पालक तणतणत आले, ‘‘बाई, पोरीच्या गालाची साल काढली म्हणं तुम्ही!’’ मी त्यांच्यासमोर स्वतःचा गाल खरवडला आणि त्यांना सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. पाच मिनिटं ते हललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, ‘‘माझं बी दाखवा की जरा.’’

पण आज सांगायची आहे ती गोष्ट निवृत्तीच्या आधीच्या वर्षाची.

नववीत रेणुका नावाची मुलगी आली. काकतीहून बसनं यायची. तिला जन्मापासून नीट दिसत नव्हतं. उजेड-अंधार कळायचा, समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, बाकी सगळं धूसर. ऐकून ऐकून तिचं पाठांतर मात्र असं की मी एखादा शब्द गाळला तर मागून ती पुरवायची. आकृत्यांचे प्रश्न तिला माफ होते. त्याऐवजी दुसरा प्रश्न मिळायचा. ही सवलत चांगलीच होती, पण तिच्या आडोशाला आम्ही शिक्षक निवांत झालो होतो हेही खरं. आकृतीचा तास आला की मी म्हणायचे, ‘‘रेणुका, तू बस हं बाळ.’’ आणि ती बसायची.

त्या दिवशी गालाच्या पेशी बघायला रांग लागली होती. एकेक जण ओरडत होता. रेणुका बाकावर बसून ते ओरडणं ऐकत होती. रांग संपल्यावर ती उठली आणि टेबलाजवळ आली.

‘‘बाई, सगळी वरडाय लागल्यात. हाय तरी काय त्यात?’’

मी सांगायला लागले. पेशीपटल, केंद्रक, पेशीद्रव्य...

‘‘ते पाठ हाय मला,’’ ती म्हणाली. ‘‘कसं हाय ते न्हाय म्हाईत. हाताला लागंल असं करा की एकदा.’’

मग वर्षा उभी राहिली. वर्षाच्या घरी दोन यंत्रमाग. तिच्या वडिलांना, मोहन अण्णांना, सगळी गल्ली ओळखते. ती म्हणाली, ‘‘बाई, लहान केली तर हिला नुसता गोळा लागंल. आत जाता येईल एवढी करूया!’’

‘‘पेशीच्या आत?’’

‘‘व्हय, आत! घरी डागी साड्या ढिगानं पडल्यात.’’

बस्स. त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या वर्गात जे चाललं त्याला अभ्यास म्हणायचं की धुडगूस, मला अजून ठरवता आलेलं नाही.

रिकाम्या चित्रकलेच्या खोलीत आम्ही कारखाना मांडला. पोरांचे गट पाडले, एकेका गटाकडे पेशीचा एकेक अवयव. अट एकच. डोळे मिटून हात लावला तर ओळखू आला पाहिजे. त्यामुळे रंगाला काही किंमतच उरली नाही, आणि पोरं पहिल्यांदा पुस्तकातली आकृती सोडून अवयवाचा विचार करायला लागली. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका पायजम्याचे पाय कापून, कापूस भरून झाल्या. त्यांच्या आत घड्या असतात म्हणून एका बाजूला चिरून आत चुण्यांचं कापड शिवलं. आंतर्द्रव्यजालिका म्हणजे पेशीतल्या वाहतुकीच्या गल्ल्या. त्या खळ घातलेल्या साडीच्या घड्यांच्या केल्या, आणि ज्या भागावर प्रथिनं तयार करणारे रायबोसोम असतात तिथं चिंचोके चिकटवले. हात फिरवला की खरखरीत. ‘‘खडबडीत जालिका’’ हे नाव मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत होते. ते बोटांना लागलं त्या दिवशी मलाच गुदगुल्या झाल्या.

दर दुपारी रेणुका तपासणीला यायची. भलतीच कडक. ‘‘हे काय, उशी हाय का?’’ ‘‘गॉल्गी पिंड म्हणं चपट्या पिशव्यांची चळत असतंय, ही तर भाकरीची बुट्टी झाली.’’ पोरं कुरकुरायची आणि पुन्हा करायची.

मग बाहेरचं आवरण शिवून झालं. दोन पदरी कापड, वर जाळी, मधे मधे फटी, कारण पेशीपटल काही पदार्थांना आत सोडतं, काहींना नाही. माणूस उभा राहील एवढी उंच पिशवी. चारी बाजूंनी धरून ती उभी केली, पोरांनी हात सोडले, आणि आमची पेशी फसकन खाली बसली. रिकामं पोतं पडावं तशी.

महेश पुढे आला. याचे वडील मच्छे गावातल्या कारखान्यात कामाला. पोरगं हातचं हुशार आणि तोंडानं फटकळ. ‘‘मी सांगितलं नव्हतं? लोखंडी कडं पाहिजे भोवतीनं. बाबा वेल्डिंग करून देतील. तीन कडी घातली की हलायची न्हाय.’’

‘‘कडं घातलंस तर ती प्राण्याची पेशी ऱ्हाईल का?’’ वर्षा कडाडली. ‘‘भिंत झाडाच्या पेशीला असतंय. प्राण्याच्या न्हाय! तुझा कांदा होईल त्याचा, कांदा!’’

‘‘आणि तुझं काय झालंय बघ की. उताणं पडलंय!’’

‘‘पडू दे. चुकीचं उभं करण्यापेक्षा बरोबर पडलेलं बरं!’’

वर्गाचे दोन तट पडले. कडंवाले आणि त्यांना ‘कांदा’ म्हणून चिडवणारे कांदावाले. दोन दिवस पोरं एकमेकांशी बोलेनात. हेडसर खोलीत डोकावून गेले आणि म्हणाले, ‘‘बाई, थर्माकोलचं आणून देऊ का? बाजारात तयार मिळतंय.’’

मला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वर्गातली पोरं पेशीभित्तिकेवरून भांडत होती! आणि खरं सांगायचं तर उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. प्राण्याच्या पेशीला भिंत नसते, हे मी दरवर्षी तावातावानं सांगितलं. मग ती कोलमडत का नाही, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोहन अण्णा कापडाचा आणखी एक गठ्ठा घेऊन सायकलवरून आले. खाली पडलेली पेशी बघितली, पोरांचं भांडण ऐकून घेतलं आणि हसले.

‘‘नुसतं कापड कधी उभं ऱ्हातंय का बाई? ताणा, म्हंजे उभं ताणल्यालं धागं, असतोय तेव्हा कापड. ह्याच्या आत धागं कुठं हाईत?’’

‘‘पेशीत धागे नसतात अण्णा,’’ मी म्हणाले.

‘‘असतील बघा,’’ ते सहज म्हणाले. ‘‘असल्याबिगर उभं कसं ऱ्हाईल?’’

संध्याकाळी घरी जाऊन मी माझी कॉलेजातली जुनी मैत्रीण, जी पुढे प्राणिशास्त्राची प्राध्यापक झाली, तिला फोन लावला. ती म्हणाली, ‘‘अगं, असतात की! पेशीचा सांगाडाच असतो तो. बारीक धागे ताण धरतात आणि पोकळ नळ्या रेटा देतात. आमच्या वेळी शिकवलं नाही फारसं.’’ तिनं चित्रं पाठवली. काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या-लाल धाग्यांचं जाळं, केंद्रकापासून कडेपर्यंत ताणलेलं. मी ती चित्रं बघत खुर्चीत बसून राहिले. एका विणकरानं पेशी न बघता, केवळ कापडाच्या ज्ञानावर हे सांगितलं होतं! इतकी वर्षं मी पेशी म्हणजे पाणी भरलेली पिशवी असं शिकवत आले, आणि शाळेच्या चारी बाजूंना घराघरात धागे ताणले जात होते. एकदाही डोक्यात आलं नाही. त्या वर्षांतल्या पोरांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती चित्रं दाखवली तेव्हा कांदावाल्यांनी बाकं बडवली. महेश मात्र चित्राकडे बघत राहिला.

‘‘बाई, ह्या नळ्या पोकळ हाईत म्हणालात नव्हं? लाइटीच्या वायरी घालायचा पाइप असतोय की, बारका, पांढरा. वजन न्हाय, वाकतंय बी.’’

वर्षानं त्याच्याकडे बघितलं. ‘‘आण,’’ ती म्हणाली. तीन दिवसांनी ती त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

मोहन अण्णांनी धागा कसा ताणायचा, गाठ कशी मारायची की ओढली तर घट्ट व्हावी आणि एका झटक्यात सुटावी, ते शिकवलं. आवरणाला आतून खिसे शिवून नळ्यांची टोकं त्यांत बसवली, नळ्यांच्या मधे सुती दोर ताणले. शेवटची गाठ वर्षा आणि महेश दोघांनी मिळून ओढली. पेशी थरथरली, फुगली, आणि उभी राहिली! बाजूनं दाबली की दबायची, सोडली की परत फुगायची. जिवंतच वाटायची. पोरं नाचायला लागली. मीही नाचले. हेडसरांनी खिडकीतून बघितलं ते बरं नाही झालं.

आत जायचा पहिला मान रेणुकाचा. ती फटीतून आत शिरली. आम्ही सगळे बाहेर थांबलो. आतून तिचा आवाज येत होता, ‘‘तंतुकणिका... ही दुसरी... हे चिंचोकं... ही लयकारिका, पचवायची पिशवी...’’ मग ती मधोमध ठेवलेल्या केंद्रकापाशी पोचली. वेताच्या मोठ्या टोपलीवर टोपली पालथी घालून, कापडानं मढवून केलेला गोळा होता तो. आत रंगीत सुतांना पीळ आणि गाठी घालून केलेली गुणसूत्रं, म्हणजे शरीर कसं घडवायचं त्या सूचना. वरून आत हात घालायला एक झाकण ठेवलेलं. गोळ्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवल्याची खसखस ऐकू येत राहिली.

‘‘काय झालं गं?’’ मी विचारलं.

‘‘बाई, हे झाकण आमच्यासाठी हाय नव्हं? खरं न्हाय ना?’’

‘‘नाही. तुम्हाला बघता यावं म्हणून.’’

‘‘मग ह्याला दारच न्हाय! सूचना सगळ्या आत कोंडून पडल्यात. प्रथिनं बाहेर चिंचोक्यावर तयार हुत्यात. त्यास्नी कोण सांगणार काय करायचं ते?’’

मी पुस्तक उघडलं. केंद्रकाच्या पटलाला छिद्रं असतात, त्यांतून पदार्थांची ये-जा होते. एक ओळ. दरवर्षी मी ती वाचून दाखवली होती, दरवर्षी पोरांनी अधोरेखित केली होती, आणि मॉडेल करताना डोळे असणारे आम्ही सगळेच ती विसरून गेलो होतो. हिनं पाठ केलेल्या ओळीवरून नव्हे, तर हातानं चाचपून, विचार करून ते दार शोधलं होतं.

‘‘हाय गं रेणुका, हाय!’’ मी ओरडलेच. ‘‘छिद्रं असतात!’’

आणि आतून ती ओरडली. तेच ते ओरडणं. नुसता आनंदाचा, अर्थ नसलेला आवाज. त्या दिवशी मला वाटलं, आता निवृत्त झालं तरी चालेल.

केंद्रकाच्या कापडाला छिद्रं पाडून झाली, पण अजून प्रदर्शन राहिलं होतं. शहरातल्या एका मोठ्या शाळेत आंतरशालेय विज्ञान प्रदर्शन होतं आणि आम्ही नाव दिलं होतं. सकाळी टेम्पो येऊन उभा राहिला. पोरांनी पेशी चारी बाजूंनी धरून उचलली, दारापाशी आणली आणि थांबली. दार साडेतीन फुटांचं, पेशी आठ फुटांची. तीन आठवडे चाळीस पोरं आणि एक बी.एससी. बाई त्या खोलीत राबत होतो, आणि हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं!

हेडसर म्हणाले, ‘‘मी म्हणतच होतो.’’ ते काय म्हणत होते ते कुणालाच आठवेना.

‘‘चौकट काढूया,’’ महेश म्हणाला.

‘‘शाळेची चौकट काढतोस?’’ हेडसर.

तेवढ्यात रेणुका मागून बोलली, ‘‘बाई, पांढरी पेशी जाते की रक्तवाहिनीच्या भिंतीतनं. तुम्हीच सांगिटलासा. अंग बारीक करून, फटीतनं घुसून.’’

वर्षा आणि महेशनं एकमेकांकडे बघितलं. दोघं एकदमच आत घुसली. अण्णांनी शिकवलेल्या गाठी एका झटक्यात सुटत गेल्या, नळ्या खिशांतून निघाल्या, आणि आमची भव्य पेशी हळूहळू बसली, लांबुळकी झाली. दाराबाहेरच्या पोरांनी पुढचं टोक ओढलं, आतल्यांनी मागचं ढकललं. ‘‘आली, आली, पेशी आली!’’ निम्मी पेशी व्हरांड्यात, निम्मी वर्गात. शेवटी केंद्रक राहिलं, ते तिरकं करून काढलं. टेम्पोत बसल्यावर महेश कबूल झाला, ‘‘कडं घातलं असतं तर आज वर्गातच ऱ्हायली असती.’’

‘‘कांदा,’’ वर्षा म्हणाली. दोघंही हसली.

प्रदर्शनात आमचा नंबर आला नाही. मॉडेल टेबलावर मावणारं हवं असा नियम होता. तो नियमांचा कागद माझ्याच पर्समध्ये घडी घालून पडला होता. ती चूक सर्वस्वी माझी. आम्हाला मैदानाच्या कोपऱ्यात, झाडाखाली जागा मिळाली. पण दुपारपर्यंत सगळ्यात लांब रांग त्या झाडाखाली होती. रेणुका आत उभी राहून येणाऱ्याला डोळे मिटायला लावायची आणि हात धरून फिरवायची. परीक्षक प्राध्यापकसुद्धा आत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, ‘‘नंबर देता येत नाही, वाईट वाटतंय.’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही ओरडलात ते आम्ही ऐकलं सर. तेवढं पुरे.’’

चारच्या सुमाराला रेणुकाचे आई-वडील तिला न्यायला आले. वडील, म्हणजे आप्पा, शेतकरी माणूस. डोक्याला रुमाल, बोलणं मोजकं. आई मागे, झाडाच्या बुंध्याशी थांबली. त्या बाईचं मला ठाऊक होतं. रेणुका पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि तिनं विळीवर भाजी चिरली होती. म्हणून पोरीचे डोळे गेले असं घरात, भावकीत सगळे धरून चालले होते. डॉक्टरांनी दोष रक्तातून, वंशातून आलेला आहे असं सांगूनही. पालकसभेला ती यायची, पण खाली मान घालून मागच्या बाकावर बसायची. ‘‘माझ्याच हातनं झालं बाई,’’ एवढंच एकदा माझ्याशी बोलली होती.

‘‘आप्पा, आत या,’’ रेणुकानं हाक मारली. ‘‘डोळं मिटून.’’

ते लाजत आत गेले. कापडाला कान लावायची गरज नव्हती, सगळं ऐकू येत होतं.

‘‘ह्यो धागा बघा आप्पा. असला तुमच्यात हाय, आईत हाय, आपल्या म्हशीत बी हाय. ह्यावर गाठी हाईत न्हवं, त्या सूचना. डोळं कसं करायचं ते ह्यात लिवल्यालं असतंय. ह्यातला एक तुमच्याकडनं आला, एक आईकडनं. दोन्हीत एकाच जागची गाठ चुकलेली आली, म्हणून माझं डोळं असं. तुमचं डोळं चांगलं, कारण तुमच्यात दुसरी गाठ बरोबर हाय. आईचं बी तसंच.’’

‘‘म्हंजे माझ्याकडनं बी आलंय?’’

‘‘व्हय. दोघांकडनं. कुणी मुद्दाम न्हाय केलं.’’

मग आप्पांनी हळूच विचारलं.

‘‘आणि लागलं हुतं ते गिराण?’’

‘‘गिराण कुठनं शिरंल ह्यात, तुम्हीच बघा की चाचपून.’’

कापड हलत राहिलं. बाहेरून त्यांचा हात कुठून कुठे जातोय ते दिसत होतं. कडेनं, वर, खाली, फटीफटीतून, मग मधे केंद्रकाभोवती. चांगला नांगर धरणारा हात, पण एकेक दार तपासत होता. रांगेतली पोरं कंटाळून ओरडायला लागली, ‘‘ओ काका, आटपा की! आमचा नंबर हाय!’’

आप्पा बाहेर आले. रुमाल डोक्यावरून काढून हातात घेतला होता. त्यांनी रांगेकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. झाडाच्या बुंध्याकडे बघून म्हणाले, ‘‘अगं, ये की हिकडं.’’

‘‘मी कशाला?’’ ती जागची हलली नाही.

‘‘ये म्हणतोय न्हवं.’’ मग पोरांना म्हणाले, ‘‘थांबा रं जरा. हिचा नंबर लई दिवसांचा ऱ्हायलाय.’’

आणि पेशीची फट त्यांनी दोन्ही हातांनी फाकून धरली, ती आत जाईपर्यंत.